धुतलेला डबा

मेथीची जुडी मी दोरा सोडून बघितल्याशिवाय घेत नाही. पाचूबंदरला मासळी आणायला गेले की कल्ला उचलून बघते, मग मासा उलटा करून दुसऱ्या बाजूचाही बघते, कारण एकाच बाजूला रंग फासला असेल तर काय घ्या. कोळणींनी मला 'वकिलीणबाय' असं नाव ठेवलंय आणि मी दिसले की त्या एकमेकींना कोपराने ढोसतात. नवरा तेव्हा दहा पावलं लांब उभा राहून समुद्राकडे बघतो. तो कोकणातला. त्याच्या गावात म्हणे कोणी कोणाला फसवत नाही. हे तो सांगतो तेव्हासुद्धा मला त्याचा संशय येतो.

तर असल्या माझ्या दारात एप्रिलच्या भर दुपारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मी पीपहोलमधून बघितलं. हातात वही, खांद्याला पिशवी, घामाने चेहरा लाल झालेला. म्हटलं, पावडर विकणारी असणार. साखळी न काढता दार उघडलं तर त्या म्हणाल्या, मी मागच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, तुमच्याकडे सहा वर्षांची मुलगी आहे असं कळलं, पहिलीला आमच्याकडे घाला. कोणाकडून कळलं म्हणून मी विचारलं. वॉचमनकडून. त्याला नंतर फैलावर घ्यायचं हे मी तिथेच ठरवलं.

आमची सोसायटी उमेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढच्या अंगाला इमारती, मागच्या अंगाला अजून थोड्या केळीच्या वाड्या उरल्यात, आणि त्यांच्या पलीकडे गाव. सोसायटीतलं एकही मूल त्या गावच्या शाळेत जात नव्हतं. आमच्या गॅलरीतून शाळेची कौलं दिसायची तेवढीच.

आता माझ्या लेकीचं सांगायला हवं. घरात सकाळी डोळे उघडल्यापासून हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. पंख्याशी बोलेल, दुधाच्या पिशवीशी बोलेल. पण शाळेच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. दीड वर्ष. स्टेशनकडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत ती ज्युनिअर आणि सीनिअर केजी शिकली, आणि त्यातलं शेवटचं दीड वर्ष ती तिथे एक शब्द बोलली नाही. शूला जायचंय हेही सांगायची नाही, ओल्या चड्डीने घरी यायची. शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं की पहिलीसाठी दुसरीकडे बघा. मी तीन शाळांमध्ये मुलाखतीला नेलं. तिन्ही शाळांनी फळांची चित्रं पुढे केली आणि लेक तिन्हीकडे ढिम्म बसली. एका ठिकाणी तर मला विचारलं, हिला ऐकू येतं ना? परत येताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, म्हणून त्याच्यावरही चिडले.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. कान चांगले, गळा चांगला. फक्त एवढं म्हणाले की पहिलीचं वर्षही असंच गेलं तर ही सवय अंगात मुरेल, मग सुटायला फार कठीण. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. शाळा मराठी की इंग्रजी, मोठी की छोटी, हे सगळं नंतरचं. ती बोलली पाहिजे, बस्स.

आणि ती गप्प का झाली हे मला ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चालले होते. ज्युनिअर केजीत असताना एकदा जेवताजेवता ती सहज म्हणाली होती की, मावशीने माझी पोळी खाल्ली. मी हातातला घास खाली ठेवला. रोज? रोज. भाजीपण? भाजीपण. त्या शाळेत वर्गातल्या लहान मुलांना सांभाळायला मावश्या होत्या, निळे कोट घातलेल्या. पालकांना गेटच्या आत जायची परवानगी नव्हती, त्यामुळे मी त्यातल्या कोणाचं तोंडही नीट पाहिलेलं नव्हतं. मी त्याच दिवशी शाळेला पत्र लिहिलं, पालकांच्या ग्रुपवर टाकलं, दोन आयांना फोन करून त्यांच्याही मुलांचे डबे तपासायला लावले. आठवड्याच्या आत ती मावशी कामावरून गेली. नवरा म्हणाला, जरा विचारायचं होतंस आधी. मी म्हटलं, काय विचारायचं? चोर कधी सांगतो का मी चोरी केली म्हणून? त्यानंतर थोड्याच दिवसांत लेकीचं बोलणं बंद झालं. म्हणजे त्या बाईने तिला काय दटावलं असेल, कसली भीती घातली असेल, याचा विचार करून मी रात्ररात्र जळायचे. मी वेळेत पकडलं नसतं तर आणखी काय झालं असतं, असंही वाटायचं.

अशा स्थितीत या बाई दारात. मी त्यांना सांगितलं की माझी मुलगी शाळेत बोलत नाही. वाटलं, आता वही मिटतील. त्या म्हणाल्या, चालेल की. मुलाखत नाही? नाही. परीक्षा? नाही. जन्माचा दाखला आणि आधार कार्ड आणा, झालं. आता मला सांगा, इतकं सहज जे मिळतं त्यात पाणी मुरत नसेल असं कसं म्हणायचं? मी नवऱ्याला संध्याकाळी समजावून सांगितलं. मुलं कमी झाली की यांच्या शाळा बंद होतात, शिक्षकांना कुठेतरी लांब टाकतात. या बाईंना माझी मुलगी नकोय, पटावर एक आकडा हवाय. नवरा म्हणाला, मग हवाय तर हवाय, आपल्यालाही शाळा हवीच आहे की. असल्या माणसाशी काय बोलणार.

मी शाळा बघायला गेले. न सांगता. एकदा सकाळी अकराला आणि एकदा शाळा सुटायच्या जरा आधी, म्हणजे दाखवण्यापुरतं काही असेल तर एका वेळेला तरी सापडेल. दोन खोल्या, पुढे ओटा, एका कोपऱ्यात पत्र्याची स्वयंपाकखोली. बाई म्हणाल्या होत्या, बेचाळीस मुलं आहेत. वर्गाबाहेरच्या चपलांचे जोड मोजले तर एकोणतीस भरले. म्हटलं, सापडलं! आत डोकावले तर तेरा मुलं अनवाणी आली होती. मग बाई व्हरांड्यात मोबाईल घेऊन उभ्या दिसल्या आणि आत चौथीतली एक मुलगी पहिलीच्या मुलांना अक्षरं गिरवायला लावत होती. बरं, म्हणजे हे असं चालतं. जवळ जाऊन बघितलं तर बाई कुठल्याशा सरकारी ॲपवर हजेरी भरत होत्या आणि नेटवर्क फक्त त्या एका खांबापाशी येत होतं. मी त्यांना तिथेच विचारलं, तुमची स्वतःची मुलगी कुठल्या शाळेत? त्या म्हणाल्या, याच, तिसरीत. मी आत जाऊन बघितलं. अगदी आईचं नाक. तर मग माझ्या मनात आलं की म्हणजे ही बाई सगळं लक्ष स्वतःच्याच मुलीकडे देत असणार.

नवरा म्हणाला, तुला ब्रह्मदेव जरी शिकवायला आला तरी तू त्याची डिग्री बघशील. मी म्हटलं, बघेनच.

तिसऱ्या वेळी मी लेकीला बरोबर नेलं. फाटकाशीच तिने माझा ड्रेस मुठीत धरला, नेहमीसारखा. मधल्या सुट्टीची वेळ होती. ओट्यावर मुलं खिचडी खायला रांगेत बसली होती आणि एक बाई मोठ्या पातेल्यातून वाढत होती, गावातलीच, काष्टीच्या लुगड्यातली नाही पण साडी तशीच वर खोचलेली, चाळिशीची. मी शाळेच्या बाईंना पाण्याची टाकी कधी धुता ते विचारत होते. अचानक माझ्या लक्षात आलं की ड्रेसवरची मूठ सुटली आहे. बघते तर लेक एकटी चालत स्वयंपाकखोलीच्या दारापर्यंत गेली होती. जी मुलगी फाटकाच्या आत माझी सावली सोडत नाही ती. खिचडीवाल्या बाईने तिच्याकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि पदर डोक्यावर ओढून पटकन आत गेली.

ते मी बरोबर टिपलं. माणूस तोंड लपवतो तो उगाच नाही. खाई त्याला खवखवे. डाळ घरी नेत असणार ही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तेवढ्यात लेक मध्येच म्हणाली, "आई, हीच शाळा." आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो. तिने आजवर कुठल्याही शाळेबद्दल असं काही म्हटलं नव्हतं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घातलं. मी मात्र लेकीला तीनतीनदा विचारत होते की त्या खिचडीवाल्या बाईने तुला काही खायला दिलं का, काही सांगितलं का. ती नुसती मान हलवायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. खिचडीवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी घरून डबा द्यायचे, दोन पोळ्या आणि भाजी. इंग्रजी शाळेत शेवटी शेवटी डबा तसाच्या तसा परत यायचा. इथे पहिल्या दिवसापासून रिकामा. आणि रिकामा म्हणजे नुसता रिकामा नाही, धुतलेला. घासलेला, पुसलेला, कोरडा. सहा वर्षांची पोर डबा घासून पुसून आणते? घरी पाण्याचा पेला जागचा हलवत नाही! मी झाकण उजेडात धरून बघितलं. खाचेत नारळाच्या काथ्याचा एक धागा अडकला होता. आमच्याकडे काथ्या नाहीच, आम्ही तारेच्या घासणीने घासतो.

मी विचारलं, डबा कोणी धुतला? मी. नळाला तुझा हात पोचतो का? तिने पंख्याकडे बघितलं. पोळी कोणी खाल्ली? मी. खरंच तू? यावर ती माझ्याकडे अशी काही बघायला लागली की मीच विषय बदलला. आणि एक लक्षात आलं. पंख्याशी बोलणारी ही मुलगी शाळेबद्दल घरी अवाक्षर काढत नव्हती. आधी शाळेत बोलायची नाही, आता शाळेचं बोलायची नाही.

पंधरा दिवसांनी बाईंना फाटकात गाठलं. बोलते का? बाई म्हणाल्या, होईल ताई, घाई करू नका, आणि हातातल्या खडूकडे बघायला लागल्या. मी विचारलं, डबा कोण खातं तिचा? त्या म्हणाल्या, तीच खाते की. पण हे सांगतानाही नजर खडूवरच. आता माझी खात्री पटली. इथेही तेच. पुन्हा कोणीतरी माझ्या लेकीचा डबा खातंय, तिला दटावतंय, पुरावा राहू नये म्हणून डबा धुऊन देतंय आणि बाईंना सगळं ठाऊक आहे. दुधाने तोंड पोळलं होतं, ताक फुंकून प्यायची वेळ होती. आता पत्र नाही लिहायचं, डोळ्यांनी पकडायचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या वेळी मी फाटकाने गेलेच नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक खिंडार आहे, त्यातून केळीच्या वाडीत उतरले. चपला चिखलात रुतत होत्या. मोबाईल हातात तयार ठेवला होता, फोटो काढायला. शाळेच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकखोलीच्या पत्र्याआड येऊन उभी राहिले आणि माझ्या कानावर एक आवाज आला.

तो कोणाचा हे कळायला मला वेळ लागला, कारण त्या जागी तो मी कधी ऐकलेलाच नव्हता. मोठा, खणखणीत, जरा भांडखोर. "हा घास काऊचा. हा घास चिऊचा. आता तोंड उघड, हा घास मावशीचा."

मी पत्र्याआडून डोकावले. खिचडीवाली बाई उंबऱ्यात बसली होती. तिच्या समोर माझी लेक, मांडीवर डबा. काऊचा घास लेकीने स्वतःच्या तोंडात घातला, चिऊचाही स्वतःच्या, आणि मावशीचा मावशीला भरवला. ती बाई आ करून खात होती आणि बाजूला चार मुली हसत बसल्या होत्या. लेक त्यांना बजावत होती की ज्याचा घास त्यानेच खायचा, नाहीतर पुढचा मिळत नाही. हा खेळ मीच तिला शिकवला होता. ती तीन वर्षांची असताना जेवायची नाही, तेव्हा आजीचा घास मी खायचे, बाबाचा घास मी खायचे, तेव्हा कुठे तिचा तिच्या तोंडात जायचा. पोळीतली अर्धी माझ्याच पोटात जायची.

मावशीने माझी पोळी खाल्ली. रोज? रोज. भाजीपण? भाजीपण.

माझा हात पत्र्याला लागला, आवाज झाला. लेकीने वळून बघितलं. चिखलाने भरलेले पाय, हातात मोबाईल, तिची आई. तिचा आवाज वाक्यातच तुटला. डबा खाली ठेवून ती उठली आणि त्या बाईच्या पुढे, माझ्या आणि तिच्या मध्ये, येऊन उभी राहिली. दोन्ही हात मागे करून तिने तिचा पदर धरला होता. मला वाटलं, गेलं, पुन्हा कुलूप लागलं. पण ती बोलली, सगळ्यांसमोर.

"आई, मावशीने नाही खाल्ली. मीच दिली. तेव्हापण मीच दिली होती."

मी त्या बाईकडे बघितलं. ती सावकाश उठून उभी राहिली. म्हणाली, "मी आदी त्या मोठ्या शाळेत होते, ताई. पोर जेवायचीच नाय, म्हनून." एवढंच. मग आत जाऊन तांब्या घेऊन आली, पानी घ्या म्हणाली, उन्हातून आलात. एप्रिलमध्ये पदर ओढून ती आत का गेली होती ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी चोर म्हणून जिची नोकरी घालवली, तिने मला शाळेत बघून परत नोकरी जाईल म्हणून तोंड लपवलं होतं. आणि माझी लेक कोणाच्या दटावण्याने गप्प झाली नव्हती. ती घरी एक वाक्य बोलली होती, आणि तिची मावशी गेली होती. तिने आपल्या परीने त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

मला बोलायचं होतं. चुकले, असं म्हणायचं होतं. पण पाणी प्याले, तांब्या परत दिला. तेवढ्यात बाई वर्गातून आल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ती तिसऱ्या दिवसापासून बोलतेय, पाढेसुद्धा म्हणते, पण तिने आम्हा दोघींना शपथ घातली होती, आईला कळलं तर आई येते आणि मावशी जाते म्हणून. मी मान हलवली. लेक अजूनही पदर धरून उभी होती आणि मी बाईंकडे मावशीची तक्रार करते का हे बघत होती. मी आले तशी वाडीतून परत गेले.

त्या संध्याकाळी ती घरी पंख्याशीही बोलली नाही. मी तिच्या आवडीचं थालीपीठ केलं, तिने मुकाट्याने खाल्लं. मी तिला सांगितलं की आई चुकली, आईने न विचारता मावशीला चोर ठरवलं, आणि हे मी मावशीलाही सांगणार आहे. ती ऐकत होती. नवरा पेपर तोंडासमोर धरून बसला होता, आणि त्याने एकदाही 'मी सांगत होतो' म्हटलं नाही, हे त्याचे उपकार.

झोपायच्या आधी तिने विचारलं, "उद्या मावशी असेल ना?"

असेल, मी म्हटलं.

"नक्की?"

नक्की, मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आधी एका बाजूने बघितलं, मग उठून बसली आणि दुसऱ्या बाजूने बघितलं.

सकाळी मी डब्यात दोनाच्या चार पोळ्या घातल्या. तिने झाकण उघडून त्या मोजल्या आणि झाकण परत घट्ट लावलं. फाटकाशी पोचल्यावर तिने माझा हात सोडला आणि वर्गाकडे न जाता, दप्तर पाठीवर तसंच आपटत, सरळ स्वयंपाकखोलीकडे धावत सुटली, मावशी आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.